मरीमायचा निंब

अर्ज अर्ध्या पानाचा होता. 'सदर झाड शेंड्याकडून वाळत चालले असून जीवितास धोका आहे, तरी तोडण्याची परवानगी मिळावी.' खाली समोरच्या एका दुकानदाराची सही. त्याला टाचलेला दुसरा अर्ज गल्लीतल्या बायकांचा होता, झाड तोडू नये म्हणून. तापीकाठच्या एका छोट्या नगरपरिषदेने दोन्ही कागद माझ्याकडे पाठवले आणि 'अभिप्राय द्यावा' म्हणून मोकळी झाली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. झाडं तपासायचा नाद आहे, त्यामुळे असली कामं अधूनमधून येतात.

गेलो तेव्हा चैत्र चालू होता. खानदेशातलं ऊन, दहा वाजताच डोळ्यांपुढे अंधारी आणणारं. आणि हा कडुनिंब हिरवागार. कोवळी पालवी, त्यात मोहर, खाली बाजारातल्या भाजीवाल्यांनी सावली वाटून घेतलेली. बुंध्याभोवती काँक्रीटचा पार, पारावर मरीमायचं ठाणं, पाराला लागून अंगणवाडीची भिंत. एक ऐंशीच्या पुढच्या आजी काठी टेकत आल्या आणि मी पिशवी उघडायच्या आत म्हणाल्या, "भाऊ, मरेल झाडले पाला फुटस का?"

प्रश्न बिनतोड होता. अर्जातला आजार खराही होता आणि किरकोळही. पावसाळा सरता सरता कडुनिंबाचे शेंडे करपतात, डहाळ्या टोकाकडून तपकिरी होत जातात. 'फोमोप्सिस' नावाच्या बुरशीचं हे काम. अलीकडे दख्खनभर कडुनिंब असे करपलेले दिसतात आणि लोक घाबरून कुऱ्हाड शोधायला लागतात. पण मोठं झाड सहसा त्याने मरत नाही, पुढच्या पालवीला सावरतं. म्हणजे दुकानदाराच्या कागदात दम नव्हता. खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. दुकानाचा फलक झाकला जातो हे त्याचं खरं दुखणं आहे, असं गल्लीत प्रत्येकाने मला वेगवेगळं गाठून सांगितलं होतं.

मग मी पाराच्या मागे गेलो. पश्चिमेकडे, अंगणवाडीच्या उलट बाजूला, बुंधा जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे तळहाताएवढ्या तीन-चार बुरशा उगवल्या होत्या. लाखी रंगाच्या, चकचकीत, कडेला पांढऱ्या, टणक. त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलेलं. मरीमाय प्रकटली, असं कुणीतरी म्हटलं असणार. ही गॅनोडर्मा. मुळं आणि बुंध्याचा तळ कुजवणारी बुरशी. ती बाहेर दिसते तेव्हा आत बरंच काम उरकलेलं असतं. भोवतीच्या काँक्रीटवर कोकोसारखी तपकिरी भुकटी पडली होती, ते तिचे बीजाणू.

लाकडी मोगरीने बुंधा ठोकत फिरलो. पूर्वेला भरीव आवाज, पश्चिमेला बद्द. लांब, बारीक ड्रिल लावलं. पूर्वेला चोवीस सेंटीमीटरपर्यंत लालसर, कोरडा भुसा आला, हात दुखेपर्यंत जोर लावावा लागला. पश्चिमेला पाच सेंटीमीटरनंतर ड्रिल एकदम आत गेलं आणि बाहेर आला तो ओला, पांढुरका, स्पंजासारखा गर. घेर 3.6 मीटर, म्हणजे त्रिज्या साधारण 57 सेंटीमीटर. पोकळ झाडांसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात : भोवतीचं शाबूत लाकूड त्रिज्येच्या तीस टक्के तरी हवं. इथे सतरा सेंटीमीटर हवं होतं. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो, तसं झाडही पोकळ असलं म्हणून पडत नाही. पण त्याची भिंत एका बाजूला संपलेली चालत नाही.

तरीही तेवढ्यावर मी तोडा म्हटलं नसतं. फांद्या एक तृतीयांश उतरवून वजन आणि वाऱ्याची पकड कमी करता येते, कडुनिंब छाटणी सोसतो. सगळं मुळांवर होतं आणि मुळं काँक्रीटखाली. मुख्याधिकाऱ्यांना म्हटलं, पार फोडल्याशिवाय मी सही करणार नाही. आजींनी आधी मरीमायला नारळ फोडला, मग नगरपरिषदेच्या दोन माणसांनी घण-पहारेने पश्चिमेची बाजू उघडली. पार बांधताना आत दोन फूट भराव टाकला होता, थेट खोडाला चिकटून. वर गळका नळ, शिवाय दर मंगळवारी देवीला घातलेलं पाणी, ते सगळं तिथेच मुरत होतं. खोडाची साल कायम ओली, मुळांना हवा नाही. मांडीएवढं एक मूळ सापडलं. पहारीचं टोक नुसतं टेकवलं तर आत गेलं. त्याच्या शेजारचंही तसंच.

आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात वादळ येतं ते बहुतेक पश्चिमेकडून. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना विचारा, एका दुपारी बाग आडवी होते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची मुळं झाडाला धरून ठेवतात, आणि इथे नेमकी तीच गेली होती. पडलं तर पूर्वेला. अंगणवाडीवर.

संध्याकाळी पारावरच बैठक झाली. मी आजींना सांगितलं, "माय, झाड जिवंत आहे, तुमचं खरं. पण जिवंत असणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. हा पाला फुटलाय ना, तोच आता वारा जास्त धरणार." एका तरुणाने विचारलं, बुंधा चार फूट ठेवून कापला तर पुन्हा फुटणार नाही का? फुटेल, कडुनिंब हमखास फुटतो. पण कुजणाऱ्या बुडख्यावरच्या फुटव्याचा जोड कच्चा असतो, तो मोठा झाला की पुन्हा हाच प्रश्न. अंगणवाडी हलवा, असंही निघालं. जागा नव्हती. आणि बाजार तर झाडाच्या सावलीसाठीच तिथे भरत होता.

मग खरा मुद्दा आला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर होती. सासुरवाशिणी माहेरी येणार, आणि झोका पिढ्यान्‌पिढ्या याच निंबाला. "झोका कथा बांधाना मंग?" झोका कुठे बांधायचा, असं मागून एक बाई म्हणाली. आखाजी होऊ द्या, मग तोडा, एवढंच त्यांचं मागणं. नगरसेवकाला ते लगेच पटलं, दोन्ही बाजू खूश. मी नाही म्हटलं. पंधरा-वीस पोरी-बाया झोक्याभोवती आणि वर तसलं झाड, हे मला मंजूर नव्हतं. फांद्या आखाजीच्या आधी उतरवायच्या, पार दोऱ्या लावून बंद, परवानगी झाली की खोड. बरंच बोलून घेतलं मला त्या संध्याकाळी. सर दुकानदाराकडे चहा प्याले, इथपर्यंत. प्यालो होतो.

परवानगीतही गंमत झाली. 1975 च्या झाडांच्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. वय लिहायची वेळ आली तशी दुकानदार म्हणाला चाळीस, बायका म्हणाल्या शंभर. कडुनिंबाची वर्तुळं सागाइतकी स्पष्ट नसतात. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा झोका याच झाडाला होता, एवढा एकच पुरावा धड होता. मी ऐंशी लिहिलं. दुकानदार ऐंशी रोपांवरून माझ्याशी अजून बोलत नाही.

आखाजीला झोका शाळेच्या मैदानातल्या चिंचेला लागला. ती फांदी मी स्वतः वर चढून तपासून दिली. खोड पुढे आठवड्याभरात उतरलं. कापलेल्या तोंडाशी लोकांनी हात घालून बघितलं. पश्चिमेकडून कोपरापर्यंत जात होता. आजींनी हात घातला नाही. "दिसस मले," म्हणाल्या.

मरीमायसाठी नवा निंब लावला, जुन्या बुडख्यापासून लांब, कारण गॅनोडर्मा मातीतल्या मुळांत राहते. दोन महिन्यांनी पाराच्या नव्या कामाचा नकाशा सहीला आला. त्यात पुन्हा रोपाला चिकटून गोल काँक्रीट आणि वर नळ. मी लाल पेनाने दीड मीटर मोकळं आळं काढून कागद परत पाठवला. उपअभियंत्याचा फोन आला, "सर, मग बायकांनी बसायचं कुठे?" म्हटलं, आळ्याबाहेर ओटा बांधा, आणि नळ रस्त्याच्या पलीकडे घ्या. सुधारलेला नकाशा अजून यायचाय.