'लिबरेटेड १९४५' लिहिलेल्या दोन पेन्या

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर राहायला आले, तेव्हापासून 'लिबरेटेड १९४५' म्हणजे '१९४५ मध्ये सुटका' असं लिहिलेली ही पेनी मला हवी होती. १ जुलै १९४० ला जर्मन सैन्याने बेटाचा ताबा घेतला, ९ मे १९४५ ला बेट सुटलं. ती सुटका कोरलेलं नाणं लोकांनी पाव-दुधाला वापरलं, हे मला फार भावलं.

पहिली पेनी ऑनलाइन घेतली आणि फसले. वर्णनात 'युद्धकाळातलं नाणं' होतं. पाकीट उघडलं तर चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं लालभडक! जुन्या ब्राँझचा तपकिरी रंग कुणीतरी पॉलिश करून घालवला होता, तो काही परत येत नाही. शिवाय ती युद्धकाळातली नव्हतीच. या पेन्या १९४९, १९५० आणि १९५२ मध्ये पाडल्या, पण सगळ्यांवर साल १९४५च. म्हणून ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली पेनी नेमकी कधीची, ते नुसतं बघून कळत नाही. १९५४ ची तेवढी ओळखू येते, कारण तिच्यावर राणी एलिझाबेथ आहे. सुटकेचंच साल ठेवलं, हे मला अगदी योग्य वाटतं.

मग ठरवलं, दोन्ही घ्यायच्या, पण हातात धरून. सेंट हेलियर या बेटाच्या राजधानीत एका वयस्क विक्रेत्याकडे सुट्या पेन्यांचा डबा होता. कडेने धरायचं, नाण्यावरच्या ढालीतल्या तिन्ही सिंहांचे चेहरे झिजलेत का ते उजेडात तिरकं करून बघायचं, हे त्यांनीच शिकवलं. दुसऱ्या शनिवारी जॉर्जची चांगली पेनी मिळाली.

तेव्हाच त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातली सहा पेन्सची नोट दाखवली. ताब्याच्या काळात चिल्लर मिळेनाशी झाली, म्हणून १९४२ मध्ये कागदी नोटा काढाव्या लागल्या. चित्रं जर्सीचेच चित्रकार एडमंड ब्लँपिड यांची. मागच्या बाजूला 'सिक्स' शब्दातला 'एक्स' भलामोठा आहे. विक्रेत्यांनी त्याचा खालचा अर्धा भाग अंगठ्याने झाकला. वर उरला 'व्ही', विजयाचा! जर्मन अंमलात ही नोट हातोहात फिरत होती. माझ्या अंगावर काटा आला.

राणीची पेनी मिळायला आणखी दीड महिना गेला. तिच्या कडेला छोटासा टवका उडालाय, रंग मात्र मूळचा आहे. तिला मी कापडसुद्धा लावलेलं नाही.