मागचे ब्रेक पॅड आणि न हलणारा पिस्टन

गाडीच्या मागच्या उजव्या चाकाकडून काही दिवस एक बारीक, चिरका आवाज येत होता. ब्रेक दाबला की तो थांबत असे आणि सोडला की पुन्हा सुरू होत असे. या आवाजाने घाबरण्याचे कारण नव्हते, कारण तो मुद्दाम योजलेला असतो. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या म्हणजे ब्रेक पॅड. त्यांच्या पाठीला पत्र्याची एक छोटी जीभ जोडलेली असते आणि घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की ती फिरत्या डिस्कला घासू लागते. नव्या पॅडवर हाच थर साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असतो. पुढचे पॅड मी यापूर्वी दोनदा घरीच बदलले होते, त्यामुळे मागचे म्हणजे तासाभराचे काम, अशा समजुतीत मी होतो.

गाडी सपाट जागी उभी करून पहिल्या गियरमध्ये ठेवली आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले. मागच्या ब्रेकचे काम करताना हँडब्रेक सोडावाच लागतो, नाहीतर तोच पॅड डिस्कवर आवळून धरतो; म्हणून पुढच्या चाकांच्या ठोकळ्यांवर सगळी भिस्त असते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, मग जॅकने गाडी उचलून तिच्याखाली स्टँड लावला. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्यांशी वाद घालण्याचे मी सोडून दिले आहे.

पॅडना डिस्कवर दाबणारा चिमट्यासारखा भाग, म्हणजे कॅलिपर, दोन बोल्टवर बसलेला असतो. बोल्ट फिरवताना, कॅलिपर जिच्यावर सरकतो ती आतली पिनही सोबत फिरू लागते, म्हणून तिला दुसऱ्या पान्याने धरावे लागते. सुटा झालेला कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू न देता मी तो तारेने स्प्रिंगला बांधला. जुने पॅड बाहेर काढले आणि तिथेच तासाभराच्या कामाचा हिशेब चुकला.

बाहेरच्या पॅडवर अजून चांगला पाच मिलिमीटरचा थर होता. आतल्या पॅडवर जेमतेम दोन, आणि तोही एका टोकाला पाचरीसारखा निमुळता झालेला. अशा कॅलिपरमध्ये पिस्टन एकच आणि तोही आतल्या बाजूला असतो. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला आपल्याकडे ओढतो. या पिना मोकळ्या सरकत असतील तरच दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिन अडकली की आतल्या पॅडवरच भार येतो आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कला घासत राहतो. वरची पिन बोटाने ओढताच बाहेर आली. खालची मात्र पान्याने इकडेतिकडे पिळून पिळून काढावी लागली. तिच्यावरचे ग्रीस वाळून काळ्या लुकणासारखे झाले होते आणि तिच्यावरचे रबरी टोपण, म्हणजे बूट, फुगून सैल पडले होते. मागच्या वेळी हे काम ज्या गॅरेजमध्ये झाले, तिथे बेअरिंगचे साधे ग्रीस लावले असावे असा माझा अंदाज आहे. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकमधले रबर फुगते. इथे ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीसच लागते. नुसते पॅड बदलून मोकळा झालो असतो, तर नव्या पॅडचीही हीच गत झाली असती. पिना पुसून लख्ख केल्या, नवे बूट चढवले, ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि दोन्ही पिना बोटाच्या दाबाने आतबाहेर होईपर्यंत पुढे गेलो नाही.

खरी फजिती यानंतर झाली. नव्या पॅडची जाडी जास्त असल्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. पुढच्या चाकाला मी हे काम सी-क्लॅम्पने, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराच्या शिकंज्याने, केले होते, म्हणून इथेही क्लॅम्प लावला आणि आवळला. पिस्टन तसूभर हलला आणि थांबला. मी आणखी पाव फेरा आवळला, तरी तो ढिम्म! अजून जोर लावण्याच्या बेतात असताना पिस्टनच्या तोंडावरच्या खाचांकडे लक्ष गेले आणि क्लॅम्प लगेच सोडला. पुढच्या पिस्टनचे तोंड सपाट होते. इथे मात्र फिरवण्यासाठी खाचा होत्या.

याचे कारण हँडब्रेक. अनेक गाड्यांच्या मागच्या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या पोटात आटे असलेला दांडा असतो. हँडब्रेकची केबल त्या दांड्याकरवी पिस्टन दाबते आणि पॅड झिजत जातील तसतसा पिस्टन त्याच आट्यांवर थोडा थोडा पुढे सरकून राहिलेली फट भरून काढतो. म्हणून तो नुसता ढकलून आत जात नाही. दाबता दाबता फिरवावा लागतो. जोराने रेटल्यास आतली यंत्रणा मोडते आणि अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. फिरवण्याची दिशा बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याची असते, पण काहींमध्ये एका बाजूला उलट असते, त्यामुळे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पाहूनच सुरुवात करावी. ज्या गाड्यांत हँडब्रेक बटणावर आणि मोटरवर चालतो, त्यांत आधी ती मोटर दुरुस्तीच्या स्थितीत न्यावी लागते. ते केल्याशिवाय पिस्टनला हात लावू नये.

खाचांत बसणाऱ्या खिळ्यांचे हत्यार दुसऱ्या दिवशी मिळवले आणि पिस्टन सावकाश आत फिरवला. या वेळी दोन गोष्टींवर डोळा ठेवला. पिस्टनभोवतीचा रबरी पडदा त्याच्याबरोबर पिळला जाऊ लागतो; तसे दिसले की थांबून तो बोटाने सोडवावा लागतो. दुसरे म्हणजे ब्रेक ऑइलची टाकी. पिस्टन आत जातो तसे ऑइल मागे टाकीत येते आणि मध्ये कोणी वरपर्यंत भर घातलेली असेल तर ते ओसंडते. हे ऑइल रंग खाते, त्यामुळे मी टाकीभोवती फडके गुंडाळले होते. शेवटी पिस्टनची खाच अशा जागी आणून थांबवली की पॅडच्या पाठीवरचा बारीक खुंट तिच्यात नेमका बसेल. खुंट खाचेबाहेर राहिला तर पॅड तिरका बसतो आणि तिरकाच झिजतो.

पॅडचे कान ज्या खोबणीत सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढला आणि नव्या क्लिपा बसवल्या. पॅड बोटाने सरकला पाहिजे. हातोडीची गरज पडली तर खाली गंज राहिला आहे असे समजावे. साचलेली काळी भुकटी फुंकून उडवली नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतली. ती फुप्फुसात जाऊ देण्यासारखी वस्तू नाही आणि जुन्या काळच्या पॅडमध्ये तर ॲस्बेस्टॉसही असे. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. माझी डिस्क तिच्यापेक्षा पुरेशी जाड निघाली. सगळे बोल्ट किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यांप्रमाणे आवळले.

डावे चाक मी उजवे पूर्ण होईपर्यंत उघडलेच नव्हते, म्हणजे कोणती क्लिप कशी बसते याचा नमुना समोर राहिला. पॅड मात्र दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलायचे असतात, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाते. उजवीकडे दोन दिवस मोडले. डावीकडे पाऊण तास पुरला.

काम झाल्यावर ब्रेकचे पेडल पहिल्या दाबाला थेट तळाला जाते, कारण पिस्टन अजून पॅडपासून दूर असतो. ते कडक होईपर्यंत दाबत राहिल्याशिवाय गाडी हातभरही हलवू नये. पेडल कडक झाल्यावर हँडब्रेक काही वेळा ओढून सोडला आणि मगच ठोकळे काढले. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत बेताने वेग कमी करण्याचे आठ-दहा फेरे केले, गाडी पूर्ण न थांबवता, आणि प्रत्येक वेळी मध्ये डिस्क थंड होऊ देत. यामुळे पॅडच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. तापलेले पॅड एका जागी आवळून धरले तर हा थर ठिकठिकाणी कमीजास्त बसतो आणि पुढे ब्रेक दाबताना पेडल थरथरू लागते.

परत आल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ, न टेकवता, तळहात धरून पाहिला. पूर्वी उजवे चाक नेहमी जास्त तापत असे आणि मी त्याकडे उन्हाचा परिणाम म्हणून दुर्लक्ष केले होते. आता दोन्हीकडची ऊब सारखी होती. शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा एकदा तपासले. एकही ढिला झालेला नव्हता.