कवीची पाच घरं

जुनं कॉलेज म्हटलं की दगडी कमानी, घड्याळाचा मनोरा आणि दारात संस्थापकांचा अर्धपुतळा हवाच, अशी आपली समजूत. शांतिनिकेतनात त्या समजुतीची पंचाईत होते. 1863 मध्ये रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकुर यांनी बंगालातल्या बोलपूरजवळचा हा तांबडा माळ घेतला. सावली म्हणून होत्या त्या सप्तपर्णी, आपल्या कोकणातली सातवीण. 1901 मध्ये रवींद्रनाथांनी इथे शाळा काढली, 1921 मध्ये विश्वभारती झाली, आणि वर्ग भरत राहिले ते आंब्याखाली. शाळेतली मुलं अजूनही आसन काखेत मारून येतात.

इमारतींत फोटोंचा मान काचेच्या उपासनामंदिराला. सुंदर आहे, पण त्या माळावर मला ते जरा उपरं वाटलं. माझा जीव जडला तो उत्तरायणातल्या, म्हणजे रवींद्रनाथांच्या घरांच्या आवारातल्या ‘श्यामली’वर. 1935 मध्ये, वयाच्या 74व्या वाढदिवशी, रवींद्रनाथ या मातीच्या घरात राहायला गेले. भिंती मातीच्या, आणि छपरालासुद्धा मातीच. उन्हाची धग आत येऊ नये म्हणून बांधकामात मडकी रचलेली. बाहेरच्या भिंतींवर शिल्पकार रामकिंकर बैज यांनी संथाळ माणसं उठवली आहेत. 1940 मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा इथे उतरले होते.

एवढ्या हौसेनं बांधलेल्या घरात कवी टिकला असेल तर शपथ! ‘कोणार्क’ आणि ‘उदयन’ ही घरं आधीची, मग श्यामली, लगेच शेजारी ‘पुनश्च’, त्यानंतर ‘उदीची’. आपल्याकडे त्या वयात माणूस खाटेची बाजूसुद्धा बदलू देत नाही.

कलाभवन म्हणजे इथली कलाशाळा; तिथली ‘कालो बाडी’ म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. मातीच्या भिंतींना पावसापासून राखायला डांबर फासलेलं, आणि त्या काळ्या भिंतींवर भारहूतची शिल्पं, मोहेंजोदडोच्या मुद्रा असं काय काय मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून कोरलेलं. बरोबर राजापूरची मावशी होती. जमिनी सारवण्यात तिचा जन्म गेला. ती चित्रांकडे न बघता वाकून जोत्याशी बघत होती. “पाणी इथूनच धरतं. सारखं लिंपत राहायला हवं गो, नाहीतर चार पावसांत खेळ खलास.” 2023 मध्ये शांतिनिकेतन जागतिक वारशाच्या यादीत गेलं हे मी तिला सांगितलं. “मग लिंपणारी माणसं ठेवली असतील,” ती म्हणाली.

परतीच्या गाडीत तिला फैजपूरचं सांगितलं. 1936 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात, आपल्या खानदेशात भरलं, तेव्हा गांधीजींनी सजावटीला बोलावले ते शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस. गावात मिळेल त्याच सामानातून, बांबू वगैरे घेऊन त्यांनी सगळं उभं केलं, आणि अधिवेशन संपल्यावर ते उतरवलंही.

मावशीनं शेंगदाण्याची पुडी सोडली. “आणि बांबू रे? बांबू कोणी नेले?”