पसंतीक्रम भरण्याआधीची रात्र

अनगोळ, बेळगाव. रविवार, रात्रीचे साडेअकरा.

उद्या सायंकाळपर्यंत इंजिनिअरिंग प्रवेशाची ऑप्शन एन्ट्री, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम, पूर्ण करायची आहे आणि वहीतली यादी मी आज चौथ्यांदा खोडली आहे. पुण्याच्या मामेबहिणीला दुपारी फोनवर सगळी पद्धत समजावून सांगितली, तेव्हा ती सांगताना जितकी सोपी वाटली तितकी आता वाटत नाही. पीयूसीतील, म्हणजे आमच्याकडच्या बारावीतील, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताच्या गुणांना निम्मे वजन, कर्नाटकच्या सीईटी या १८० गुणांच्या प्रवेशपरीक्षेला निम्मे, त्यावरून रँक, आणि त्या रँकवर आपण दिलेल्या क्रमाने एकेक जागा तपासली जाते. म्हणजे गुणांचे काम आता संपले आहे. उरला आहे तो फक्त क्रम, आणि तो मलाच लावायचा आहे.

कोल्हापूरच्या काकांचा आग्रह वेगळाच होता. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, त्या सीमाभागातील मराठी मुलांसाठी तिकडच्या प्रवेशप्रक्रियेत वेगळी तरतूद आहे, ती का सोडतेस, असे ते गेले वर्षभर विचारत आहेत. परंतु मी तिकडची सीईटी दिलेलीच नाही, आणि वसतिगृहाचा खर्च बाबांच्या पगारात बसणारा नाही, हे घरात कोणी मोठ्याने बोलत नसले तरी सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा तो प्रश्न मिटलेला आहे. राहता राहिला प्रश्न शाखेचा.

मामांचे म्हणणे असे की आता सगळीकडे एआयच चालले आहे, तर तेच नाव असलेली शाखा घ्यावी. हे मला महिनाभर पटलेही होते. मग मी २०२२च्या आराखड्याचे दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम उतरवून घेतले आणि शेजारी शेजारी ठेवून वाचले. हा अभ्यासक्रम ठरवणारे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले आणि ते इथेच, खानापूर रस्त्यावर मच्छे येथे आहे. बसच्या वाटेवरचे ते फाटक मी लहानपणापासून पाहत आले, पण आत काय ठरते याचा विचार कधी केला नव्हता. तिसऱ्या सत्रात कॉम्प्युटर सायन्सला डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम्स आणि डिजिटल डिझाइन आहे. एआय व मशीन लर्निंगलाही तेच आहे, विषयांचे सांकेतिक क्रमांकसुद्धा तेच. वाटा फुटतात त्या नंतर. चार वर्षांच्या पदवीला आजचा चलनी शब्द चिकटवून घ्यायचा की पाया रुंद ठेवून पुढे आवडीचे विषय निवडायचे, असा तो प्रश्न आहे, आणि मला दुसरे अधिक शहाणपणाचे वाटते. अर्थात, एआयची जागा आधी मिळाली तर मी ती नाकारीन असेही नाही, म्हणून ती यादीत आहेच.

खरी ओढाताण इलेक्ट्रॉनिक्सशी आहे, आणि ती बाबांमुळे आहे. बाबा उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथवर, काम करतात. त्यांच्या दृष्टीने इंजिनिअर म्हणजे बंगळूरहून येणारा तो माणूस, जो मशीन बंद पडल्यावर कंट्रोल पॅनेल उघडतो, मीटर लावतो, एक कार्ड बदलतो आणि तासाभरात अख्ख्या शॉपला पुन्हा काम देतो. "तुझं ते कॉम्प्युटर चांगलंच आहे, खरं त्यात हाताला काय लागतंय?" असे त्यांनी आज जेवताना विचारले. मला उत्तर देता आले नाही. मग मी त्यांनाच उलट विचारले की तुम्ही दिवसभर मशीनवर जे टाइप करता, ते काय असते?

तेव्हा त्यांनी सांगितलेली हकीकत मी इथे नीट लिहून ठेवते, कारण ती त्यांनी घरी कधीच सांगितली नव्हती. नवीन असताना त्यांनी एका जॉबसाठी, म्हणजे मशीनवर कापायच्या तुकड्यासाठी, व्यास पन्नास मिलिमीटर द्यायचा म्हणून एक्सपुढे ५० लिहिले. त्या कंट्रोलवर दशांशचिन्ह दिले नाही तर आकडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागात धरला जातो. म्हणजे मशीनने पन्नासऐवजी ०.०५ मिलिमीटर वाचले, आणि ओळीत जी-शून्य ही वेगाने सरकण्याची आज्ञा असल्यामुळे टूल पूर्ण वेगाने थेट भरीव जॉबच्या मध्याकडे निघाले. इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, फुटला, टूल होल्डर वाकला, जॉब पकडून ठेवणाऱ्या चकमधून जॉब उडाला. "पन्नास लिहिलो, खरं पॉइंट द्यायचं राहिलं," एवढेच ते म्हणाले आणि ताटातला भात कालवू लागले. त्यानंतर प्रत्येक प्रोग्राम ते आधी जॉब न लावता, रिकाम्या चकवर एकेक ओळ चालवून पाहतात. आईला हे ऐकून धक्काच बसला, तिने विचारले, "लागलं न्हवं तुम्हाला?" इतक्या वर्षांनी.

हाताला काहीच लागत नाही असे नाही, हे मला त्या एका दशांशचिन्हाने पटले. बाबांना ते सांगावे असे वाटले, पण शब्द जुळले नाहीत, म्हणून मी त्यांना सुट्टीत लिहिलेला माझा छोटा प्रोग्राम दाखवला.

तो असा. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड या सर्व लिप्यांच्या क्रमावलीत आपल्या क चा क्रमांक २३२५ आहे आणि कन्नड क चा ३२२१. फरक ८९६. म चा फरकही ८९६, ळ चाही ८९६. भारतीय लिप्यांची मांडणी आधीच्या इस्की या भारतीय प्रमाणावरून घेतल्यामुळे समान अक्षरे आपापल्या रकान्यात समान जागी बसलेली आहेत. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून, बसच्या पाट्या कन्नडमध्ये वाचत मोठी झालेल्या मला हे कळले, तेव्हा मी अर्धा तास नुसती बेरीज करून पाहत बसले होते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत सात-आठ ओळी लिहिल्या की मराठी शब्द कन्नड लिपीत उतरतो. उलट दिशेने मात्र गंमत होते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए आहेत. त्यामुळे स्टेशनवरच्या कन्नड पाटीतून ८९६ वजा केले की माझा प्रोग्राम 'बॆळगावि' असे छापतो, पहिल्या अक्षरावर अशी मात्रा देऊन जी मराठीत कोणी काढत नाही. बेळगावीच्या उच्चारावरून शाळेत कन्नडच्या बाईंनी मला का सारखे थांबवले, ते त्या मात्रेकडे पाहून उमगले.

इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात सिग्नल्स आहेत, चिपची रचना आहे, आणि ते सगळे मी शिकू शकेन याची मला खात्री आहे. पण कोणी सांगितले नसताना मी जे करत बसते, ते हे आहे. शिवाय कॉम्प्युटर सायन्सनंतर बेळगावात काम थोडेच, बंगळूर किंवा पुणे गाठावेच लागणार, हेही मला दिसते आहे. त्या हिशेबाने इलेक्ट्रॉनिक्स घेऊन उद्यमबागेत राहणे बाबांना अधिक आवडले असते. हे त्यांनी म्हटले नाही. मीही विचारले नाही.

अखेर यादी अशी झाली: पहिले इथल्याच कॉलेजचे कॉम्प्युटर सायन्स, दुसरे त्याच कॉलेजचे इन्फर्मेशन सायन्स, तिसरे इलेक्ट्रॉनिक्स, मग एआय. आधी मॉक अलॉटमेंट, म्हणजे जागांचे चाचणी वाटप, होणार आहे, ते पाहून क्रम बदलता येतो, त्यामुळे आज रात्री छाती धडधडायचे काही कारण नाही, तरी धडधडते आहे.

झोपायला जाण्यापूर्वी बाबा पुन्हा आले आणि म्हणाले, त्यात 'कॉलेज' लिहून बघ. मी लिहिले. क उतरला, लेज उतरले, आणि मध्ये एक रिकामा चौकोन आला, कारण ॉ च्या समोर कन्नड रकान्यात अक्षरच नाही. बाबा चष्मा वर करून बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिले.

"पॉइंट राहिला असणार कुठंतरी," ते म्हणाले.

कन्नड पाट्यांवर 'कालेजु' लिहितात, तेव्हा ॉ आला की त्याजागी नुसता काना धरायचा अशी एक अट घालावी लागेल. ती उद्या, यादी भरून झाल्यावर.