बेअरिंग तापलंय, बदलू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोनवरचा प्रश्न बहुतेक एकाच साच्याचा असतो: मोटरचं बेअरिंग (फिरत्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, आधार देणारी बॉलची कडी) तापलंय, हात ठेववत नाही, व्हायब्रेशनही वाढलंय, नवं बेअरिंग स्टोअरमध्ये पडून आहे, टाकून मोकळे होऊ का? माझं उत्तर असतं, थांबा. बदलायचंच असेल तर उद्या बदलू, पण आज आधी दोन-चार गोष्टी सांगा.

पहिली गोष्ट हाताची. पन्नास-पंचावन्न अंशांच्या पुढे गेलेल्या धातूवर बहुतेकांना हात टेकवून ठेवता येत नाही. आणि पूर्ण लोडवरच्या मोटरचं बेअरिंग ७० अंशांवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालू शकतं. तेव्हा 'हात ठेववत नाही' यावरून मला काहीच कळत नाही. काल किती होतं, गेल्या महिन्यात किती होतं, त्या दिवशी हवा किती गरम होती, हे सांगा. ७५ वर ठाण मांडून बसलेल्या बेअरिंगची मला फारशी काळजी वाटत नाही. ४५ वरून दोन दिवसांत ६० वर आलेल्याची वाटते.

दुसरा प्रश्न, ग्रीस कधी मारलंत? इथे पलीकडे जरा शांतता पसरते. मग उत्तर येतं, 'आज सकाळीच, तापलं म्हणून.' किती? 'बाहेर येईपर्यंत.' निम्मी प्रकरणं मी इथेच संपवते. हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ते घर, ठासून भरलं की बॉल ग्रीसमधून धावण्याऐवजी ग्रीस घुसळत बसतात, आणि घुसळण्याची सगळी ताकद उष्णतेत जाते. तापलं म्हणून ग्रीस मारलं, ग्रीस मारलं म्हणून आणखी तापलं, म्हणून आणखी मारलं! नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका पंपाच्या मोटरला असंच भरवलं होतं. रात्रपाळीच्या फिटरने ड्रेन प्लग (हाउसिंगच्या खालचं बूच) काढून मशीन तासभर तसंच चालू ठेवलं, जादाचं ग्रीस बाहेर आलं आणि तापमान उतरलं. तो मला एक शब्दही बोलला नाही, हे जास्त लागलं.

किती मारायचं याचा हिशेब अगदी सोपा आहे. बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१० नंबरच्या बेअरिंगचा व्यास ११० आणि रुंदी २७, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. तुमच्या ग्रीस गनच्या एका स्ट्रोकला किती ग्रॅम पडतं हे मात्र गनवर लिहिलेलं नसतं. दहा स्ट्रोक कागदावर मारून वजन करा, एकदाच. योग्य मापाने ग्रीस मारल्यावरही तापमान थोडं चढतं आणि काही तासांनी, फार तर दिवसभरात, खाली येतं. तेवढा वेळ त्याला द्या. ग्रीसचा ब्रँड बदलला असेल तर तेही सांगा, कारण लिथियमवालं आणि पॉलियुरियावालं ग्रीस एकत्र आलं की कधीकधी पातळ पाणी होतं.

आता व्हायब्रेशन. १४८० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे घेणारी, मोटर सेकंदाला सुमारे २४.७ फेरे घेते. कंपन नेमकं त्याच वारंवारतेचं असेल तर आधी बॅलन्सिंग बघा: फॅनच्या पात्यांवर धूळ चिकटली असेल, एखादं पातं झिजलं असेल. दुप्पट वारंवारता जोरात असेल आणि शाफ्टच्या दिशेनेही हलत असेल, तर कपलिंगच्या अलाइनमेंटचा, म्हणजे जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत नसल्याचा, संशय धरा. एकेक फाउंडेशन बोल्ट जरा ढिला केल्यावर कंपन एकदम कमी झालं, तर मोटरच्या त्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, हवी आहे. बोल्ट आवळून आवळून तुम्ही मोटरची बॉडीच पिळली होती. बेअरिंगचं स्वतःचं दुखणं फेऱ्यांच्या पूर्ण पटीत बसत नाही. बाहेरच्या रेसवर (बॉल ज्यावरून धावतात त्या कडीवर) खड्डा पडला असेल तर ठोका साधारण बॉलची संख्या गुणिले ०.४ गुणिले फेरे, अशा आकड्यावर दिसतो. तो आकडा दिसला तर बेअरिंग मागवा, वाद नको. असं बेअरिंग तापतं ते मात्र अगदी शेवटी-शेवटी. म्हणून नुसत्या तापमानावर विसंबणाऱ्याला उशीर होतो.

यातलं काहीच न बघता नुसतं नवं बेअरिंग टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. भार दुप्पट झाला की बॉल बेअरिंगचं आयुष्य एक-अष्टमांशावर येतं. भार वाढवणारी अलाइनमेंट तीच, बेल्टचा ताण तोच ठेवलात, तर नवंही त्याच वाटेने जाणार.

माझ्या समोरचं एक प्रकरण सांगते. गरम वायू ओढणारा मोठा फॅन, शाफ्ट दीड मीटरचा, दोन्ही टोकांना स्फेरिकल रोलर बेअरिंग, म्हणजे बॉलऐवजी रोलरच्या दोन रांगा असलेलं. एका टोकाचं बेअरिंग तीनदा बदललं. सकाळी फॅन सुरू केला की सगळं छान, दोन तासांनी तापमान चढायला लागायचं. कुणी ग्रीसला दोष दिला, कुणी डुप्लिकेट मालाला. तिसरं काढलेलं बेअरिंग मी उघडून बघितलं, तर रोलरची एक रांग पार खरवडलेली आणि दुसरी जवळजवळ कोरी. म्हणजे भार आडवा, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, येत होता. स्टील मीटरला, प्रत्येक अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. दीड मीटरचा शाफ्ट ५० अंशांनी तापला तर जवळपास एक मिलिमीटर लांबणार. तो लांबायला एका टोकाचं बेअरिंग हाउसिंगमध्ये सरकतं ठेवलेलं असतं. इथे कुणीतरी दोन्ही हाउसिंगमध्ये लोकेटिंग रिंगा, म्हणजे बेअरिंगला जागेवर अडकवणाऱ्या कड्या, घालून ठेवल्या होत्या. सरकत्या टोकाच्या रिंगा काढल्या आणि चौथं बेअरिंग टिकलं. खर्च शून्य. तीन बेअरिंगांचा खर्च आधीच झाला होता, ती गोष्ट वेगळी.

म्हणून बदलायचंच ठरलं तर जुनं लगेच भंगारात फेकू नका. काढण्याआधी वरची बाजू कुठली होती त्याची खूण करा. नंतर बेअरिंगची बाहेरची रिंग कापून बॉल धावतात तो आतला मार्ग बघा. धुण्याच्या फळीसारख्या बारीक आडव्या रेघा असतील तर व्हीएफडीचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचा) करंट बेअरिंगमधून जातोय. बॉलच्या अंतरावर छोटे खोलगट ठसे असतील तर बसवताना हातोडा चालला, किंवा ते मशीन स्टँडबाय म्हणून उभं राहून शेजारच्या मशीनच्या थरथरीत बसलं होतं. आणि मला फोटो पाठवणार असाल तर डिझेलने धुण्याआधी काढा, ग्रीससकट. चकाचक बेअरिंगचे फोटो माझ्याकडे पुष्कळ आहेत.