कासची सोनकी, सांगलीची हळद आणि रॉ फाइलमधला पिवळा

सप्टेंबर लागला की साताऱ्यातले कॅमेरे कास पठाराकडे निघतात. घरी येऊन फोटो उघडले की तेरडा छान असतो, गेंद छान असतो, धुकंही छान असतं. सोनकी मात्र हिरमोड करते. फोटो मोठा करून पाहावा तर पाकळ्यांवरच्या उभ्या शिरा गायब, आणि फूल म्हणजे पिवळ्या घोटीव कागदातून कापून चिकटवलेला तुकडा. बरेचजण फोकस चुकला म्हणून फोटो टाकून देतात. फोकस बहुतेक वेळा बरोबरच असतो. पाकळीचा तपशील रंगाने खाल्लेला असतो, आणि रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने मोजलेली, संस्कार न केलेली नोंद, असेल तर तो परत आणता येतो.

रॉ एडिटिंग शिकायचं असेल तर पिवळ्या फुलापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. डोंगररांगांच्या फोटोत चुका लपतात. पिवळ्यात एकही लपत नाही.

आधी हे नेमकं होतं कसं ते पाहू. सेन्सरच्या प्रत्येक चार ठिपक्यांपैकी दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक लाल आणि एक निळा. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला १६३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. उन्हाच्या प्रकाशात व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) बसवताना बहुतेक कॅमेरे लाल आकड्यांना साधारण दुपटीने आणि निळ्यांना दीडपटीच्या आसपास गुणतात, हिरवा तसाच ठेवतात. पिवळी पाकळी लाल आणि हिरवा भरपूर परावर्तित करते, निळा जवळजवळ शोषूनच घेते. आता हिशोब करा. गुणाकारानंतर लाल २५५ ला टेकतो, निळा शून्यावर बसतो आणि पाकळीच्या उजेड-सावलीची सगळी नोंद एकट्या हिरव्यावर येऊन पडते. कॅमेऱ्याने वर काँट्रास्ट आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) चढवलं की हिरवाही सपाट. शिरा जातात त्या इथे. मूळ रॉमध्ये मात्र लाल अजून भरलेला नसतो, कारण तिथे गुणाकार झालेलाच नसतो.

यातून फोटो काढतानाचीही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, रॉचा नसतो, आत बनवलेल्या छोट्या जेपेगचा असतो. म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा, काँट्रास्ट खाली आणा आणि पांढऱ्या एकेरी हिस्टोग्रामऐवजी लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम बघायची सवय लावा. एकेरी हिस्टोग्राम पिवळ्याच्या बाबतीत हमखास फसवतो. सगळं मधोमध दिसतं आणि लाल उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. सोनकी किंवा कवला, ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात, चौकटभर असेल तर एक्सपोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा. त्याहून कमी नको. सेन्सरच्या निम्म्या पायऱ्या सर्वांत उजळ एका स्टॉपमध्येच असतात, उगाच काळोखात फोटो काढला की पुढे उजळताना सावल्यांत दाणे उठतात. पठारावर वारा थांबत नाही, म्हणून शटर १/२५० च्या खाली आणू नका. त्यासाठी आयएसओ ४००-८०० झाला तरी चालतो. आणि पायवाट सोडू नका. एका फोटोसाठी गुडघा टेकला की त्याखाली सीतेची आसवं ही इवली फुलं चिरडली जातात. लांबून मॅक्रो किंवा टेलिफोटो लावा.

सॉफ्टवेअर म्हणून इथे डार्कटेबल धरतो. ते फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, मराठी घरातल्या बजेटला महिन्याचं भाडं लावत नाही. ८ जीबी रॅमवर चालतं, १६ जीबीवर सुखाने चालतं. लाइटरूम वापरणाऱ्यांना बटणांची नावं बदलून हाच क्रम लागू पडेल.

पहिल्यांदा प्रेफरन्सेसमध्ये प्रोसेसिंगच्या पानावर जाऊन आपोआप लागणारा वर्कफ्लो ‘सीन-रेफर्ड, सिग्मॉइड’ असा निवडा. मग फाइल डार्करूममध्ये, म्हणजे एडिटिंगच्या पानावर, उघडा. फोटो मलूल दिसेल. कॅमेऱ्याच्या मागे दिसत होता तितका टवटवीत नाही. इथेच नव्वद टक्के नवशिके सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे ढकलतात आणि उरल्यासुरल्या शिराही मारतात. मलूल दिसणं हा दोष नाही. कॅमेऱ्याने जेपेगवर चढवलेला मेकअप रॉवर नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवात एक्सपोजर मॉड्यूलपासून (मॉड्यूल म्हणजे एकेका कामाचा स्लायडरसंच). डार्कटेबल स्वतःच साधारण ०.७ स्टॉप उजळवतं. तुम्ही पठारावर एक स्टॉप कमी घेतला असेल तर त्यात आणखी भर लागू शकते. इथे फुलाकडे बघू नका, मागच्या गवताकडे बघा. गवत आणि पानं डोळ्याला जशी हवी तशी उजळली की थांबा. या टप्प्यावर पिवळा जळल्यासारखा दिसला तरी घाबरायचं कारण नाही. सीन-रेफर्ड पद्धतीत आकडे पांढऱ्याच्या वर गेले तरी कापले जात नाहीत, पुढे सिग्मॉइड त्यांना पडद्याच्या मर्यादेत वळवून आणतो. सिग्मॉइडचा काँट्रास्ट मुळात १.५ असतो, धुक्यातल्या फोटोला तो १.२-१.३ पर्यंत उतरवला की धुकं धुकं राहतं. सिग्मॉइड चालू असताना फिल्मिक किंवा बेस कर्व्ह ही तेच काम करणारी मॉड्यूलं लावू नका. एकाच फोटोवर दोनदा इस्त्री फिरवल्यासारखं होतं आणि मधले टोन चिरडले जातात. 

नंतर रंग. व्हाइट बॅलन्स मॉड्यूलला हात लावू नका, काम कलर कॅलिब्रेशनमध्ये करा. दोन्हीकडे बदल केला की गुणाकार दोनदा होतो आणि डार्कटेबल लाल अक्षरात तक्रार करतं. ती तक्रार खरी असते, बंद करून पुढे जाऊ नका. ढगाळ कासवर ६५०० केल्विनच्या आसपासचा आकडा योग्य बसतो. धुकं थोडं निळसर राहू द्या. ते पूर्ण पांढरं करायला गेलं की फोटोतली सकाळ जाते आणि दुपार येते.

आता सोनकी. खालच्या पट्टीतलं क्लिपिंगचं, म्हणजे टोकाला अडकलेले रंग दाखवणारं, सूचक चालू करा आणि ते ‘कुठलाही एक चॅनेल’ (लाल, हिरवा किंवा निळा) या पर्यायावर ठेवा. पाकळ्या रंगून निघतील, कारण लाल वरच्या टोकाला आणि निळा खालच्या टोकाला अडकलेला असतो. कलर बॅलन्स आरजीबी मॉड्यूल उघडा, त्याला पॅरामेट्रिक मास्क (बदल ठरावीक रंगापुरताच लागू करणारी चाळणी) लावा आणि ह्यूच्या, म्हणजे रंगछटेच्या, पट्टीवर फक्त पिवळा निवडा. मास्क दाखवायचं बटण दाबून खात्री करून घ्या, कारण कासच्या गवतात पिवळसर हिरवा भरपूर असतो आणि तो हळूच आत शिरतो. पट्टीचे त्रिकोण आत ओढून गवत बाहेर काढा, मग फेदरिंग वाढवून कडा मऊ करा. आता ब्रिलियन्स थोडा खाली, दहा टक्क्यांपासून सुरू करा. सॅच्युरेशनही थोडं खाली. हो, खाली. स्लायडर हळूहळू सरकवताना १०० टक्के झूमवर पाकळीकडे बघत राहा. आधी पाकळीच्या बुडाशी फिकट सावली दिसू लागते, मग मधल्या घडीची रेघ, मग दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा. शेजारच्या पाकळीची सावली या पाकळीवर पडलेली असते, तीसुद्धा दिसू लागते. त्या क्षणी थांबा. फूल आता आधीपेक्षा जास्त पिवळं वाटतं, कारण डोळ्याला रंग जाणवतो तो उजेड-सावलीच्या फरकातून. सॅच्युरेशन कमी करून रंग वाढतो, हे एकदा स्वतःच्या पडद्यावर पाहिलं की हात आपोआप आवरतो.

जांभळ्या सीतेच्या आसवांचं दुखणं वेगळं. ती प्रत्यक्षात जांभळी, फोटोत निळी येतात, कारण सेन्सरच्या फिल्टरची रंगओळख डोळ्यासारखी नसते. कलर इक्वलायझरमध्ये निळ्याचा ह्यू थोडासा जांभळ्याकडे सरकवायचा. चौकटीत आकाश असेल तर तेही जांभळं होईल, तेव्हा मास्क लावून घ्या.

ठोसेघरच्या धबधब्याबद्दल एकच सांगतो. पांढऱ्या पाण्यात एक-दोन चॅनेल भरलेले असतील तर हायलाइट रिकन्स्ट्रक्शन अंदाजाने जागा भरून काढतो. तिन्ही चॅनेल भरले असतील तर तिथे माहितीच उरलेली नसते आणि कुठलंही सॉफ्टवेअर ती आणू शकत नाही. धबधब्याला एक्सपोजर पाण्यावरूनच घ्या, मागचा कातळ काळा राहिला तरी तो टोन इक्वलायझरने उजळता येतो. टोन इक्वलायझरचे नऊ स्लायडर हलवूनही काही होत नाही असं वाटलं तर मास्किंगच्या टॅबवर जा. तिथला हिस्टोग्राम एका कोपऱ्यात गोळा झालेला असतो. शेजारच्या पिकरने तो पसरवला की स्लायडर कामाला लागतात.

आता सांगलीकडे. मार्केट यार्डात हळदीचे ढीग लागले की तिथला पिवळा कासपेक्षा अवघड असतो, कारण तो चौकटभर असतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं हा प्रकाशच पिवळा आहे, मग तो सगळं निळ्याकडे ओढतो आणि हळद डाळीच्या पिठासारखी फिकी दिसू लागते. त्यातून शेडमध्ये एका बाजूने उघड्या दारातलं ऊन आणि वर एलईडी, म्हणजे दोन प्रकाशांची सरमिसळ. उपाय स्वस्त आहे: ग्रे कार्ड, म्हणजे कुठल्याही रंगाची झाक नसलेलं राखाडी कार्ड. ढिगाजवळ धरून एक फोटो घ्यायचा, पण कार्डाचं तोंड दाराकडे ठेवायचं. ढिगाकडे वाकवलं तर हळदीवरून उसळलेला पिवळा प्रकाश कार्डावर पडतो आणि मोजमाप बिघडतं. मग कलर कॅलिब्रेशनमधला पिकर (फोटोतला रंग मोजणारं साधन) त्या कार्डावर ओढायचा आणि तेच सेटिंग बाकीच्या फोटोंवर पेस्ट करायचं.

कार्ड नसेल तर लोक हमालाच्या पांढऱ्या टोपीवर किंवा शेतकऱ्याच्या धोतरावर पिकर मारतात. तसं करू नका. पांढऱ्या कपड्याला नीळ दिलेली असते, डिटर्जंटमधली चकाकीही निळाच प्रकाश बाहेर फेकते. पिकर तो निळा काढून टाकायला जातो आणि सगळा फोटो पिवळटतो. पोत्याचं तागही उपयोगाचं नाही, ते मुळात तपकिरी. त्यापेक्षा सिमेंटची कोरडी, डाग नसलेली फरशी बरी.

हळदीचा रंग नारिंगीकडे झुकलेला असतो आणि उजळ भागात तो सहज लिंबोळी पिवळा होतो. सिग्मॉइडमध्ये ‘प्रिझर्व्ह ह्यू’ १०० टक्क्यांवरच ठेवा, म्हणजे हे सरकणं थांबतं. ढिगाच्या पृष्ठभागावरच्या कांड्या, त्यांच्या गाठी आणि गाठीभोवतीची वळी दिसायला हव्यात. त्यासाठी लोकल काँट्रास्ट पुरेसा आहे, पण तो रंगाचं काम झाल्यावर. 

शार्पनिंग आणि डीनॉइज (दाणे काढणं) शेवटी, तेही १०० टक्के झूमवरच तपासून. डीनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल तुमच्या कॅमेऱ्याच्या आयएसओप्रमाणे स्वतः ताकद ठरवतं, त्याला फार छेडू नका. लेन्स करेक्शनच्या यादीत तुमची लेन्स सापडत नसेल तर लेन्सफन या लेन्सच्या माहितीसंग्रहाचा डेटा जुना असतो, तो अपडेट करावा लागतो.

फोटो छापायला देताना दुकानात बहुतेक ठिकाणी एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीतलं जेपेगच मागतात. ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयने २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, १२ बाय ३६ च्या अल्बम पानाला ३६०० बाय १०८००. गुणवत्ता ९५ ठेवा. प्रिंट काळपट आली की लोक दुकानदाराशी भांडतात, पण बहुतेक वेळा घरचा पडदाच फार उजळ असतो. एडिटिंग करताना ब्राइटनेस इतकाच ठेवा की पडद्यावरचं पांढरं पान शेजारी धरलेल्या कागदाइतकंच उजळ दिसेल. पिवळ्यासाठी आणखी एक काळजी घ्या. छापण्यापूर्वी सॉफ्ट प्रूफ (छापील रंगांचा पडद्यावरचा अंदाज) चालू करून गॅमट, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांची मर्यादा, तपासा. हळदीच्या ढिगाचा मधला भाग सूचकात रंगला तर सॅच्युरेशन आणखी दोन-चार टक्के उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर लांब बाजू २०४८ पिक्सेल करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबून टाकतं आणि पहिला बळी पाकळ्यांवरच्या शिरांचाच जातो.

आणि फाइली. डार्कटेबल रॉला हात लावत नाही, सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये लिहितं. फोल्डर हलवायचा असेल तर डार्कटेबलमधूनच हलवा. बाहेरून नुसती रॉ उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकली तर एक्सएमपी मागे राहते आणि दोन तासांचं काम दिसेनासं होतं. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि दोन्हीकडे रॉ व एक्सएमपी जोडीने.