तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्यांचीच सेना का?

वॉरहॅमर फँटसी बॅटल, म्हणजे रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांच्या सेना टेबलावर फाशांनी लढवायचा खेळ, त्यात इतक्या सेना पडल्या असताना ही मढ्यांची सेना का घेतलीस, हे मला खेळणारेही विचारतात आणि टेबलाशी घटकाभर उभे राहून बघणारेही. बघणाऱ्यांच्या विचारण्यात कुतूहल असतं. खेळणाऱ्यांच्या विचारण्यात तक्रार असते. तुझे सांगाडे पळत नाहीत, घाबरत नाहीत, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, मग जिंकलीस तर त्यात तुझं काय? नव्यांना मात्र खरंच सल्ला हवा असतो, कारण पैसे आणि पुढचं वर्षभर त्यांचं जाणार असतं. मी आजवर प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं.

आधी कबुली. पहिलं कारण रंगकामाचं होतं. त्याआधी मी एम्पायरचे, म्हणजे माणसांच्या सेनेचे, भालाईत रंगवत होते. प्रत्येकाला चेहरा, प्रत्येक चेहऱ्यात दोन डोळे, आणि डोळ्याचा ठिपका जरा सरकला की शूर शिपाई तिरळा दिसतो. सांगाड्याला डोळेच नसतात. हाडाचा रंग द्यायचा, वर पातळ तपकिरी रंग (वॉश) सोडायचा, वाळला की फिकट रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवायचा (ड्रायब्रश), आणि बरगड्या आपोआप उठून दिसतात. याला आळस म्हणणाऱ्यांनी आधी शंभर सांगाडे रंगवून दाखवावेत. शंभर लागतातच, कारण या सेनेत मेलेले परत उठवता येतात आणि झाँबींची तुकडी तर सुरुवातीपेक्षा मोठीही करता येते. म्हणजे यादीत चाळीस असले तरी डब्यात साठ रंगवून ठेवावे लागतात. नव्यांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. मी सांगते.

दुसरं कारण ते भालाईतच. चार महिने रंगवलेली तुकडी, शेजारची तुकडी फुटली म्हणून पॅनिक टेस्ट, म्हणजे घाबरते की नाही ते ठरवणारी फाशांची परीक्षा, चुकली आणि शत्रूला हातही न लावता टेबलाच्या कडेबाहेर पळाली. मी ती उचलून डब्यात ठेवली तेव्हाच ठरवलं की पुढची सेना पळणारी नसेल.

मेलेल्यांच्या दोन सेनांपैकी कोणती, माझी व्हॅम्पायर काउंट्स की थडग्यांतल्या राजांची टूम्ब किंग्ज, हा उपप्रश्न थोडक्यात उरकते. 1994च्या नियमांच्या पुस्तकात अनडेड, म्हणजे मेलेल्यांची, एकच सेना होती, 1999 मध्ये व्हॅम्पायर काउंट्सचं वेगळं पुस्तक आलं आणि वाळवंटातले राजे त्यानंतर वेगळे झाले. राजांकडे तिरंदाज आहेत, रथ आहेत. माझ्या बाजूला एक धनुष्य नाही. पण आम्ही जी आठवी आवृत्ती खेळतो तिच्यात राजांचे सांगाडे मार्चच, म्हणजे दुप्पट अंतराची चाल, करू शकत नाहीत. माझे करतात, व्हॅम्पायर असलेला माझा जनरल जवळ असेल तर. आठ इंच की चार, एवढ्यावर मी निवड केली.

त्या ‘जनरल जवळ असेल तर’ची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. नव्या खेळाडूंना मी ठासून सांगायचे, घ्या, सोपी सेना आहे, हिच्यात भीतीचा हिशेबच नाही. त्या वेळच्या मला आज समोर बसवून विचारावंसं वाटतं, की अगं, भीती नाहीशी कुठे झाली? सगळ्या तुकड्यांमधून काढून तू ती एका माणसात भरून ठेवलीस.

तो डाव सांगते. त्याबद्दल मी फारशी कोणाशी बोललेले नाही.

समोर जुना मित्र होता. सहा फेऱ्यांच्या डावातली तिसरी फेरी, आणि मी जिंकत होते. त्याची डावी बाजू फुटली होती, मधल्या लढाईत माझी रांग टिकून होती. नऊ-दहा सांगाडे पडले होते, तेवढे गेले तरी काही बिघडणार नव्हतं. पण ते टेबलाच्या कडेला आडवे पडलेले मला दिसत होते. नेहेकचं आवाहन म्हणजे माझा जनरल म्हणतो तो मेलेले उठवण्याचा मंत्र. मी तो सगळ्यात मोठ्या आवाक्याचा घेतला, म्हणजे एका झटक्यात सगळ्या तुकड्या भरून निघतील, आणि त्यासाठी सहाच्या सहा फासे उचलले. लहान आवाक्याला तीन पुरले असते.

दोन फाशांवर सहा आले, आणि जितके जास्त फासे तितका हाच धोका जास्त. मंत्र न अडवता येण्यासारखा लागला आणि माझ्यावर उलटलासुद्धा. आधी लागला त्याचा हिशेब होतो. मी नऊ सांगाडे उचलले आणि रांगेत एकेक करून नीट उभे केले. मला आनंद झाला होता, हे लिहायलाच हवं. मग उलटल्याचा तक्ता. दोन फाशांची बेरीज चार, म्हणजे तक्त्यातली सगळ्यात वाईट ओळ. जनरलभोवतीचे त्याचे स्वतःचेच रक्षक भाजले. मग शेवटचा एक फासा, चार किंवा वर आला तर तो वाचणार. दोन आला.

त्या एका दोनाने माझा जनरल टेबलावरून गेला, आणि तो गेला की सेना विरघळायला लागते. प्रत्येक तुकडीने लीडरशिपची, म्हणजे धीराच्या आकड्याची, टेस्ट द्यायची आणि दोन फाशांची बेरीज त्या आकड्यापेक्षा जितकी जास्त येईल तितके काढायचे. सांगाड्यांना स्वतःची लीडरशिप ती काय असणार! दोन फाशांची बेरीज सरासरी सात येते, म्हणजे बहुतेक वेळा काढायचेच. आत्ता उठवलेले नऊ त्याच फेरीत परत आडवे केले. पुढच्या फेरीच्या सुरुवातीला पुन्हा टेस्ट, पुन्हा काढा. माझं कोणी पळालं नाही. सगळे जागच्या जागी, माझ्याच हातांनी गेले.

मित्र म्हणाला, “तो शेवटचा फासा परत टाक गं, चालेल मला.” मी त्याच्यावर ओरडले. दया नको म्हणाले, आणि आणखीही काही बोलले. हात न मिळवता सामान भरलं. घाईत दोन भाले मोडले. आम्ही नंतर पुष्कळदा खेळलो, पण त्या संध्याकाळचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही. चूक माझी होती हे त्याला सांगायचं राहिलं आहे.

तर का घेतली? पळणार नाहीत म्हणून घेतली, असं मी म्हणत आले. आता वाटतं, गेलेले परत आणता येतात म्हणून घेतली असावी, आणि त्या डावात नडलं तेही तेच. पण हेही पुरतं पटत नाही. तसं असतं तर त्या दिवशी डबा बंद केला तो बंदच राहिला असता. 2015 मध्ये या खेळाच्या जागी एज ऑफ सिग्मार हा नवा खेळ आला, तिथे जनरल पडला म्हणून सगळी सेना विरघळत नाही. मित्रांनी सुचवलं, इकडे ये, सुखाने खेळ. मी दोन डाव खेळून परत आले. त्या व्हॅम्पायरची काळजी नसेल तर बाकीचे कशाला हलवायचे, असं झालं. याला हट्ट म्हणा, मी नाही म्हणणार नाही.

नव्यांनी घ्यावी का? हाडं रंगवायला आवडत असतील तर घ्या. सोपी आहे असं मी पुन्हा कोणाला सांगणार नाही.

परवाच खेळले. तिसऱ्या फेरीला सात सांगाडे कडेला आडवे होते. तीनच फासे टाकायचे, असं घरून ठरवून गेले होते. पाच टाकले.